काचेची गाडी: लॅम्बोर्गिनी मार्झाल आणि तिच्यातून निघालेली एस्पादा

चौथा_गिअर (धागाकर्ता)

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर मॅचबॉक्सचा जुना डबा सापडला. त्यात मामाने मस्कतहून आणलेली एक गाडी निघाली. रंग उडालेला, एक चाक वाकडं, काच पिवळट. लहानपणी आम्ही भावंडं तिला नुसतं 'काचेची गाडी' म्हणायचो. पोटाखाली कोरलेलं नाव आत्ता, पन्नाशीत, चष्मा लावून वाचलं: लॅम्बोर्गिनी मार्झाल. त्यानंतरच्या तीन रात्री तिच्यामागेच गेल्या, म्हणून हा धागा.

मार्च १९६७, जिनिव्हाचं मोटार प्रदर्शन. इटलीतल्या तोरिनोच्या बेर्तोने या गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीच्या स्टॉलवर ही गाडी उभी होती. रेखाटणारा मार्चेल्लो गांदिनी, वय अवघं २८. नेहमीच्या गाडीला कमरेपर्यंत पत्रा असतो आणि त्याच्यावर काच. इथे गड्याने कमरेखालीही काचच लावली. मधे फक्त एक बारीक पट्टी, बाकी उंबऱ्यापासून छतापर्यंत सगळं आरपार. दारं पंखासारखी वर उघडणारी. बाजूला एकेकच दार, तरी पुढचे-मागचे चौघेही त्यातूनच आत शिरणार. काच बेल्जियमच्या ग्लाव्हरबेलची. आत षटकोनांचा सुळसुळाट: डॅशबोर्डवर षटकोन, मागच्या काळ्या जाळीत षटकोन, जणू मधमाशांचं पोळंच. सीटचं कातडं चंदेरी.

इंजिनाची गंमत तर वेगळीच. लॅम्बोर्गिनीच्याच मिउरा गाडीचं बारा सिलिंडरचं इंजिन उभं चिरून त्याची एक फळी घेतली, की सहा सिलिंडर उरतात. १९६५ सीसी, १७५ अश्वशक्ती. ते मागच्या आसाच्याही मागे आडवं टाकलं. चासी (चेसिस) मिउराचीच, पण १२० मिलिमीटरने लांबवलेली. इंजिन शेपटीत गेल्यामुळे मधली सगळी जागा माणसांना मिळाली. गाडीची उंची जेमतेम ११०० मिलिमीटर, आणि त्यात चार माणसं!

अशी एकच गाडी बनली. त्याच वर्षी मोनॅकोच्या ग्रां प्रीला प्रिन्स रेनियेने प्रिन्सेस ग्रेसला शेजारी बसवून ती ट्रॅकवरून फिरवली. पुढच्या वर्षी जिनिव्हालाच लॅम्बोर्गिनीची 'ग्रँड टुरिंग' एस्पादा आली. चार सीट तशाच, पण इंजिन पुढे, पूर्ण बारा सिलिंडर, आणि दारं तुमच्या-आमच्यासारखी. ती १९७८ पर्यंत बनत होती. बाराशेच्या वर गाड्या गेल्या आणि त्या काळातल्या लॅम्बोर्गिनीला तिनेच हात दिला.

जिथे पाहावं तिथे एकच रड: मूळ गाडी काय भन्नाट होती, विकायला काढताना तिची धार बोथट केली. मला मात्र एस्पादा सरस वाटते. मार्झाल हा एक दावा होता. एस्पादात तो दावा निभावून दाखवलाय. झोडपायला या.

---

शंकासुर

झोडपण्याआधी एक बाळबोध शंका. 'ग्रँड टुरिंग' म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तर प्रत्येक दुसऱ्या गाडीच्या डिकीवर जीटी लिहिलेलं असतं.

---

चौथा_गिअर

@शंकासुर, रेसची गाडी तासाभरात माणसाचा भुगा करते. आलिशान गाडी आराम देते पण वळणावर डुलते. या दोघींच्या मधली ती जीटी. पहाटे मुंबईहून निघायचं, डिकीत दोन बॅगा, आणि रात्रीचं जेवण बंगळुरूला. उतरल्यावर शर्टाची इस्त्री शाबूत पाहिजे. डिकीवर अक्षरं चिकटवून ते साधत नाही.

---

तोरिनोवासी

नोकरीनिमित्त इथे आलो त्याला नऊ वर्षं झाली, त्यामुळे थोडा आगाऊपणा करतो. 'बर्टोन', 'बर्टोनी' असं सगळीकडे वाचतो. धागाकर्त्यांनी 'बेर्तोने' लिहिलंय, त्याबद्दल त्यांना एक एस्प्रेसो माझ्यातर्फे.

दारांबद्दलची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. लॅम्बोर्गिनी कंपनीचे मालक फेरुच्चो लॅम्बोर्गिनींची तक्रार अशी की या गाडीत बसलेल्या बाईचे पाय अख्ख्या रस्त्याला दिसतील. लोक हे हसून सांगतात, पण मला तो माणूस बरोबर वाटतो. शेतीचे ट्रॅक्टर विकून वर आलेला होता. गिऱ्हाइकाला काय पटेल हे त्याला चित्रकारापेक्षा जास्त कळत असणार.

पुढचं दुःखाचं सांगतो. २०११ मध्ये बेर्तोनेची आर्थिक ओढाताण चालू असताना कोमो तळ्याकाठी व्हिला देस्तेला लिलाव झाला. तिथे मार्झाल १५ लाख १२ हजार युरोला गेली. बेर्तोनेचीच दुसरी गाडी, लान्चा स्त्रातोस झीरोही त्याच दिवशी. २०१४ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. उरलेल्या ७९ गाड्या २०१५ मध्ये इथल्या जुन्या गाड्यांच्या राष्ट्रीय संघटनेने एकगठ्ठा घेतल्या. त्या आता मिलानच्या माल्पेन्सा विमानतळाला लागून असलेल्या वोलांदिया संग्रहालयात आहेत. तिथे दोनदा जाऊन आलो. गाड्यांपेक्षा त्या एकत्र राहिल्या याचंच जास्त बरं वाटतं.

---

पिंपरीकर_क्ले

मी चाकण पट्ट्यात एका डिझाइन स्टुडिओत क्ले मॉडेलर आहे, सतरा वर्षं झाली. धागा वाचून हात शिवशिवले.

आमचं काम असं: आत फोमचा सांगाडा, त्यावर भट्टीत मऊ केलेली क्ले थापायची, गार झाली की तासण्यांनी खरवडत आकार आणायचा. शेवटी त्यावर डायनॉकची चंदेरी फिल्म ओढतो, म्हणजे रंग दिलेल्या पत्र्यासारखा उजेड परततो. डिझायनर येतो आणि आकाराकडे बघतच नाही, उजेडाकडे बघतो. छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ दारावरून मागच्या फेंडरपर्यंत सलग गेली पाहिजे. मधे लचकली, की आमची रात्र गेली.

आता मार्झालचा फोटो या नजरेने बघा. उजेड खेळायला पत्राच कुठे आहे? मोठी पटलं सपाट आणि बाजूला काच. त्या आधीच्या इटालियन जीटींमध्ये मांसल फुगवटे असायचे. गांदिनीने ती मांडीच कापून टाकली. म्हणून ती गाडी 'सुंदर' वाटण्याआधी 'नवीन' वाटते. मिउराही त्याचीच, आणि ती सगळी मांसल. दोघींमध्ये एका वर्षाचं अंतर. मला तर हेच आश्चर्य जास्त वाटतं.

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. एस्पादाचं छत आणि शेपूट पहिल्या दर्जाचं. पण पुढून बघितली की ती रुंद, चपटी बॉनेट टेबलासारखी पसरते. बारा सिलिंडर पुढे आल्याचा दंड आहे तो. मार्झालचं नाक सहा दिव्यांसकट सुईसारखं होतं, कारण त्याच्या आत काहीच नव्हतं.

---

जुना_खटारा

आत काहीच नसण्यावरून आठवलं. लॅम्बोर्गिनीच्या अगदी पहिल्या गाडीचा किस्सा माहीत आहे का? १९६३, तोरिनोचं प्रदर्शन, ३५० जीटीव्ही. रेखाटन फ्रांको स्कालियोनेचं, म्हणजे ज्याने अल्फा रोमिओच्या बाट ५, ७, ९ या वाऱ्याने घडवल्यासारख्या गाड्या केल्या तो. इंजिन जोत्तो बिझ्झारिनीचं, साडेतीन लिटर, बारा सिलिंडर. प्रदर्शनाच्या तोंडावर लक्षात आलं की उभे कार्ब्युरेटर लावलेलं इंजिन त्या बुटक्या बॉनेटखाली मावतच नाही! मग इंजिन शेजारी स्टँडवर मांडलं आणि बॉनेट मिटून ठेवलं. गाडी योग्य उंचीवर बसावी म्हणून आत फरशा भरल्या होत्या असं सांगतात.

नंतर मिलानच्या तूरिंग कंपनीने तिचे कोपरे मऊ केले, वर उघडणारे दिवे काढून लंबगोल दिवे बसवले, इंजिन थोडं शांत केलं, आणि १९६४ ला जिनिव्हात ३५० जीटी उभी राहिली. स्कालियोनेची गाडी बघितली की डोळ्यात भरते. तूरिंगची बेडकासारखी दिसते. पण बेडूक चालत होता.

म्हणजे मुद्दा धागाकर्त्यांच्याच बाजूचा, फक्त कौतुकाशिवाय.

---

गाडीवेडी

सगळे लॅम्बोर्गिनीतच अडकलात. अल्फा रोमिओ मोंत्रेआल कुणी आठवा की!

१९६७ चंच वर्ष, पुन्हा गांदिनी, पुन्हा बेर्तोने. कॅनडातल्या माँट्रियलच्या एक्स्पोसाठी दोन पांढऱ्या गाड्या केल्या. खाली अल्फाच्याच ज्युलियाची चासी आणि १.६ लिटरचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. दाराच्या मागे खांबावर फटींची रांग, माशाच्या कल्ल्यासारखी. बघणाऱ्याला वाटावं की इंजिन मधे आहे आणि तिथून श्वास घेतंय. इंजिन पुढेच! गाडीला नावसुद्धा नव्हतं, लोकांनीच शहराचं नाव लावलं.

१९७० मध्ये विक्रीची गाडी आली तेव्हा अल्फाच्या '३३' या रेसच्या गाडीवरून उतरलेलं २.६ लिटरचं व्ही-८ बसवलं. त्यासाठी बॉनेटला उंचवटा आला. तो डोळ्यांना टोचू नये म्हणून त्याच्यावर हवा घेणाऱ्या खाचेचा आकार कोरला. ती खाच बंद आहे! एक कणही हवा आत जात नाही. दिव्यांवर त्या जाळीदार पापण्या, दिवे लावले की खाली सरकतात. ही बाई काजळ घालून बसलीय आणि कुणाला काही सांगत नाहीये, असं मला नेहमी वाटतं.

आणि कळस म्हणजे उत्तर अमेरिकेच्या नियमांत तिला बसवलंच नाही, त्यामुळे माँट्रियल नावाची गाडी माँट्रियलमध्येच विकायला नव्हती.

इथे माझं मत धागाकर्त्यांच्या बरोबर उलटं. एक्स्पोची गाडी बघा: नाक स्वच्छ, उंचवटा नाही, सोंग नाही. विक्रीच्या गाडीत शक्ती आली आणि खोटी खाचही आली. मला अशक्त पण खरी गाडी आवडते.

---

पिंपरीकर_क्ले

@गाडीवेडी, खोट्या खाचेला इतकं झोडपू नका, आमचं पोट त्यावर आहे. :) आजच्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांच्या बंपरवरच्या 'जाळ्या' काळ्या प्लॅस्टिकच्या बंद पाट्या असतात. गांदिनीने निदान उंचवटा झाकायला ती केली. हल्ली झाकायलाही काही नसतं.

---

शंकासुर

आता थोडं कळायला लागलंय. पण त्या काळी एकच गाडी बनवायची तर करायची कशी? साचे तर परवडणार नाहीत.

---

उद्यमनगर

@शंकासुर, साचे लोखंडाचे नव्हते, लाकडाचे होते. कागदावर गाडी खऱ्या मापात काढायची, त्यावरून लाकडाचा सांगाडा करायचा आणि पत्रा ठोकून ठोकून त्याच्यावर बसवायचा. इटलीत त्या कारागिराला बात्तिलास्त्रा म्हणतात. कोल्हापुरात डेंटर म्हणतात.

आमच्या काकांनी शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं हेच काम केलं. बहुतेक ॲम्बॅसिडर आणि फियाट, पण एकदा कुणा शौकिनाच्या जुन्या इंग्रजी गाडीचा ॲल्युमिनियमचा फेंडर आला. मी तेव्हा आठवीत. लोखंडी पत्रा तापला की लाल होऊन सांगतो. ॲल्युमिनियम काही बोलत नाही, सरळ भोक पडून गळतं. तर काकांनी काय करावं? कपडे धुण्याचा साबण घेतला आणि पत्र्यावर खडूसारख्या रेघा ओढल्या. मग गॅसची ज्योत लांबून फिरवत राहिले. रेघा पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या, काळ्या पडल्या, आणि काका म्हणाले, "बास." ज्योत बाजूला. पत्रा गार झाल्यावर हाताने वाकत होता. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने खोलवा द्यायचा, नंतर आतून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून वरून हातोडी. दर दहा-बारा ठोक्यांनी डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्यापेक्षा तळव्याला लवकर कळतं म्हणायचे.

लांबी (पुट्टी) भरून उंचसखल लपवणाऱ्यावर त्यांचा फार राग. एका नावाजलेल्या गॅरेजने आमच्याच गाडीच्या दाराला बोटभर लांबी थापून दिली होती. दोन पावसाळ्यांत ती पापुद्र्यासारखी सुटली. काकांनी तो तुकडा महिनाभर दुकानात टांगून ठेवला.

सांगायचं कारण, एकुलत्या गाडीत हे सगळं चालतं. डावी बाजू उजवीपेक्षा दोन मिलिमीटर इकडेतिकडे असली तरी प्रदर्शनात कोण मोजतंय? विकायच्या गाडीत पुढच्या गाडीचं दार या गाडीला बसलं पाहिजे.

---

जुना_खटारा

काय प्रतिसाद आहे! साबणाचं माहीत नव्हतं. पाठ करून ठेवतो.

---

तोरिनोवासी

@उद्यमनगर, साष्टांग.

धागाकर्त्यांची एक कडी मात्र सुटली आहे. मार्झाल ते एस्पादा असा सरळ रस्ता नाही, मधे पिराना आहे. लंडनच्या डेली टेलिग्राफच्या मासिकाने बेर्तोनेकडून जॅग्वार ई-टाइपच्या २+२ चासीवर एक गाडी करून घेतली आणि ती ऑक्टोबर १९६७ ला अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ठेवली. इंजिन पुढे, दारं साधी, मागे उतरत जाणारं लांब छत. तिच्या बाजूला एस्पादा उभी केली तर थोरली-धाकटी बहीण वाटेल. म्हणजे एस्पादाने मार्झालकडून चार माणसांची ऐसपैस जागा आणि काचेचा सोस घेतला, आणि बांधा पिरानाचा. तुम्ही म्हणता तसा मार्झालचा दावा निभावला गेला की जॅग्वारचा, हे ठरवा.

---

चौथा_गिअर

@तोरिनोवासी, पकडलंत. पिराना मी फोटोत बघितली होती, पण तिला जॅग्वारच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. दोन्ही फोटो आता शेजारी ठेवून बघितले. खिडकीची मागची रेघ तीच, छताचा उतार तोच. मान्य.

तरी एक गोष्ट मार्झालचीच, आणि ती माझी सगळ्यांत आवडती. एस्पादाच्या शेपटीला, दिव्यांच्या वर, एक उभी काच आहे. छतावरची तिरकी काच संपते आणि खाली पत्रा यायला हवा तिथे पुन्हा काच. मागे लावलेली गाडी किती जवळ आहे ते त्यातून दिसतं. बघायला जागा नसेल तिथे पत्र्याऐवजी काच लावायची ही खोड मार्झालची. दारात ती नवलाई होती, शेपटीत तिचा उपयोग झाला. याच अर्थाने मी 'निभावली' म्हणालो.

@गाडीवेडी, अशक्त पण खरी हे मला पटतं, फक्त घाटात नाही.

---

गाडीवेडी

घाटात मी चालवेन, तुम्ही शेजारी बसा. :)

बाय द वे, बेर्तोने बुडाली तशी पिनिनफारिनाही बुडता बुडता वाचली, आणि वाचवणारे आपले मुंबईचे. महिंद्रांनी २०१५ मध्ये ती घेतली. मुंबईच्या कंपनीच्या हाताखाली तोरिनोचा स्टुडिओ! काली-पिली फियाटच्या मागच्या सीटवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे पचायला वेळ लागला.

---

पिंपरीकर_क्ले

गांदिनी मार्च २०२४ मध्ये गेले, ८५ वर्षांचे होऊन. स्टुडिओत आम्ही त्या दिवशी दुपारी काम थांबवून त्यांच्या गाड्यांचे फोटो भिंतीवर लावले होते. मिउरा, मार्झाल, काराबो, कुंताश. एका पोराने विचारलं, हे सगळं एकाच माणसाचं? लॅम्बोर्गिनी कुंताशचंच घ्या. १९७१ ची पहिली गाडी किती नितळ होती. इंजिन तापायला लागलं तशी विक्रीच्या गाडीच्या खांद्यावर हवेची खोकी आली. आणि आज लोकांना ती खोकीच आवडतात.

---

शंकासुर

@उद्यमनगर, तुमच्या काकांना मार्झालचा फोटो दाखवाच. त्यांचं मत पाहिजे.

---

उद्यमनगर

दाखवला. आज दुपारी, जेवण झाल्यावर, मोबाइलवर मोठा करून. वय ८१, पण नजर तीच.

आधी काचा बघितल्याच नाहीत. बोट ठेवलं ते छताच्या मधल्या पट्टीवर. "हितं बिजागरी हाय न्हवं? एवढ्या काचंचं वजन ह्या बोटभर पट्टीवर? खालनं पाइप घातला असणार." मग दार वर उघडलेला फोटो बराच वेळ बघितला. मी विचारलं, कशी आहे?

"पत्रा ब्येस हाय. हात चांगला हाय त्याचा." थोडं थांबून म्हणाले, "पावसाळ्यात कुठं लावत्यात ही? दार उघडलं की छतावरचं सगळं पाणी सीटवर."

---

चौथा_गिअर

एस्पादाचा फोटो दाखवलात का?

---

उद्यमनगर

दाखवला. "ही घिऊन जाईन," म्हणाले आणि आडवे झाले.